सपाट शिवार आणि आजोबांचा हाफ प्लेट कॅमेरा

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. घरची शेती आहे आणि जोडीला झेरॉक्सचे व ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे लहानसे दुकान आहे. माझ्या आजोबांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. डोक्यावर काळे कापड घेऊन फोटो काढायचा त्यांचा सागवानी कॅमेरा गेली कित्येक वर्षे माळ्यावर पडून होता. तो मी दिवाळीत खाली काढला. कॅमेरा हाफ प्लेटचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांच्या चित्राचा असून सोबत तीन प्लेट होल्डर आहेत. लेन्सवर आठ इंच असे कोरलेले आहे. शटर नाही, नुसती टोपी आहे. लेन्स धरणारी पुढची पाटी फक्त वर-खाली सरकते, काच व होल्डर धरणारी मागची चौकट मात्र कलते. आजोबांच्या पेटीत सापडलेल्या ब्रोमाईड कागदावर मी आमच्या वावराचे सहा फोटो काढले. जवळची जमीन स्पष्ट आली की क्षितिज पुसट येते, आणि क्षितिज साधले की जमीन पुसट होते. आकाश सगळ्यांत कोरे आहे, दोन-तीन फोटोंच्या कोपऱ्यात धूर पसरल्यासारखे दिसते. आमच्याकडे डोंगर नाही, नदी वर्षाचे आठ महिने आटलेली असते, आणि जिकडे पाहावे तिकडे सपाट काळी जमीन आहे. निसर्गचित्रणासाठी लोणारला किंवा चिखलदऱ्याला जावे का? घरचे म्हणतात, जुन्या वस्तू घेणाऱ्याला कॅमेरा देऊन मोकळा हो. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यांच्यावर अवलंबून आहे. कॅमेरा विकू नका, आणि निदान पहिले वर्षभर त्याला घेऊन लोणारला किंवा चिखलदऱ्याला जाऊ नका. जुन्या वस्तूंचा व्यापारी तो एखाद्या हॉटेलात शोभेला ठेवण्यासाठी घेईल आणि तुम्हाला सागवानाचा व पितळेचा भाव देईल; चालू स्थितीतला हाफ प्लेट कॅमेरा पुन्हा मिळवायला मात्र तुम्हाला फार वणवण करावी लागेल. लोणारचे म्हणाल, तर ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि तुमची आठ इंची (म्हणजे आठ इंच नाभीय अंतराची) लेन्स हाफ प्लेटवर आडवे जेमतेम ४४ अंशांचे दृश्य घेते. काठावर उभे राहिलात तर विवराचा अर्धा भागही काचेवर मावणार नाही, आणि मग लेन्स चुकीची आहे असे वाटून तुम्ही निराश होऊन परत याल.

तुमच्या दाराशी असलेली जमीन या कॅमेऱ्यासाठी त्याहून फार योग्य आहे, हे मी तुमचे समाधान करण्यासाठी म्हणत नाही. डोंगराळ मुलखात दृश्याचा एक भाग जवळ आणि खाली असतो, दुसरा दूर आणि उंच असतो, मध्ये दरी असते. तिथे कॅमेऱ्याची चौकट कितीही कलवली तरी काहीतरी पुसट राहतेच. पूर्णेच्या खोऱ्यातले खारपाणपट्ट्याचे शिवार मात्र पायाखालच्या भेगेपासून क्षितिजापर्यंत जवळजवळ एकाच पातळीत पसरलेले आहे, आणि अशी एक सलग पातळी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट करणे हेच मागची चौकट कलवण्याचे खरे काम आहे. मोबाइलच्या फोटोत सगळे आपोआप स्पष्ट दिसते, कारण त्याची लेन्स काही मिलिमीटरचीच असते. आठ इंची लेन्सला ती सवलत नाही. तिला चौकट कलवूनच मदत करावी लागते, आणि तुमचे सहाही फोटो एकाच कारणाने बिघडले ते कारण म्हणजे तुम्ही चौकट सरळ ठेवली होती.

यामागचा नियम ऑस्ट्रियाच्या लष्करातील अधिकारी थिओडोर शाइम्फ्लुग यांच्या नावाने ओळखला जातो. आकाशातून घेतलेल्या तिरप्या छायाचित्रांवरून नकाशे कसे करावेत या खटपटीत ते होते आणि त्यांनी १९०४ साली त्यासंबंधीचे पेटंट घेतले. नियम असा : लेन्सची पातळी, फिल्मची पातळी आणि जी पातळी स्पष्ट हवी ती, अशा तिन्ही पातळ्या वाढवत नेल्यावर एकाच रेषेत मिळाल्या पाहिजेत. कागदावर हे अवघड वाटते. वावरात ते एका ओळंब्याने आणि एका तुराटीने समजते. कॅमेरा ट्रायपॉडवर पातळीत लावा आणि लेन्सच्या पाटीवरून ओळंबा सोडा. तो जमिनीला जिथे टेकेल तिथे खडा ठेवा. आता पाच-सहा फुटांची सरळ तुराटी घेऊन ती मागच्या चौकटीच्या बाजूला, चौकटीच्या कडेला घट्ट लावून खाली जमिनीपर्यंत न्या. चौकट सरळ उभी असेल तर तुराटीचे टोक खड्याच्या सुमारे आठ इंच मागे टेकेल. आता बाजूचा पितळी स्क्रू ढिला करून चौकटीची वरची कड हळूहळू मागे कलवा. तुराटीचे टोक पुढे सरकू लागेल. ते खड्याशी आले की थांबा. लेन्स जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर असेल तर हा कल जेमतेम आठ अंशांचा, म्हणजे चौकटीच्या वरच्या कडेला साधारण इंचभर भरतो. एवढ्या इंचभरासाठी तुमचे सहा कागद वाया गेले.

यानंतर कापडाखाली जा आणि भिंगाने मागची, चित्र जिच्यावर पडते ती दुधी काच तपासा. चित्र उलटे असल्यामुळे जवळची जमीन काचेच्या वरच्या भागात आणि आकाश खालच्या भागात दिसेल. आधी दूरचे, म्हणजे क्षितिजावरचे एखादे बाभळीचे झाड पुढे-मागे करण्याच्या चाकाने स्पष्ट करा आणि मग जवळची भेग चौकटीच्या कलाने स्पष्ट करा. एकाने दुसरे थोडे बिघडते; म्हणून पुन्हा दूरचे, पुन्हा जवळचे, असे तीनदा करावे लागते. तिसऱ्या खेपेला काचेवर सगळे शिवार एकदम जागेवर येते. मी हे अनेक वर्षे करत आलो आहे, तरी त्या क्षणी कापडाखाली अजूनही माझा श्वास थांबतो.

मागची चौकट कलवल्याचे दोन परिणाम होतात. जवळची जमीन प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते, आणि विजेचे खांब व झाडे वरच्या बाजूला आत झुकलेली येतात. पहिला परिणाम मला स्वतःला आवडतो, कारण त्यामुळे भेगांना वजन येते. दुसरा नको असेल तर एक जुनी युक्ती आहे, आणि पुढची पाटी न कलणाऱ्या तुमच्या कॅमेऱ्याला ती विशेष उपयोगी आहे. सबंध कॅमेरा ट्रायपॉडवरच सुमारे आठ अंश पुढे खाली झुकवा आणि मग फक्त मागची चौकट ओळंब्यात परत उभी करा. आता लेन्स कललेली आणि फिल्म सरळ अशी स्थिती होते, म्हणजे पुढची पाटी कलवल्याचाच परिणाम मिळतो व खांब सरळ उभे राहतात. क्षितिज चित्रात बरेच वर गेलेले दिसेल. पुढची पाटी वर सरकवून ते हवे तिथे आणा.

एका गोष्टीची मर्यादा लक्षात ठेवा. स्पष्टतेचा पट्टा पाचरीसारखा असतो. लेन्सच्या पायथ्याशी तो शून्य जाडीचा असतो आणि दूर जाईल तसा जाड होतो. तीन मीटरवर एफ २२ ला (एफ हे लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) जमिनीच्या वर वीतभर उंचीचेच काय ते स्पष्ट येईल, एफ ३२ ला त्याहून थोडे अधिक. त्यामुळे पऱ्हाटी उपटून झाल्यानंतरचे रिकामे वावर, वखरलेली जमीन, हरभऱ्याचे खुजे पीक हे सगळे उत्तम साधते. कमरेएवढी उभी कपाशी अगदी पुढ्यात असेल तर तिचे शेंडे आणि बुंधे दोन्ही एकावेळी साधणार नाहीत. तेव्हा शेततळ्याच्या बांधावर किंवा नाल्याच्या पुलावर चढा आणि पिकाचे शेंडे हीच आपली जमीन आहे असे धरून उंची मोजा. बंडीवर किंवा ट्रॉलीवर कॅमेरा लावण्याचा मोह होईल, पण ती हलते.

आता कोपऱ्यातला धूर. तो प्रत्येक फोटोत एकाच कोपऱ्यात असेल तर दोष बेलोजमध्ये, म्हणजे भात्यामध्ये आहे. विशिष्ट होल्डरच्या फोटोतच असेल तर दोष त्या होल्डरचा आहे. तुम्ही दोन-तीन फोटोंचा उल्लेख केला आहे, त्यावरून मला होल्डरचा संशय अधिक येतो, पण तुमच्या होल्डरवर क्रमांक नसतील तर हे कळणार कसे? प्रत्येक बाजूला एक ते सहा क्रमांक घाला आणि फोटोच्या मागे तो लिहीत जा. भाता तपासण्यासाठी रात्री दिवे घालवून त्याच्या आत मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि भाता पूर्ण ताणून, मग थोडा आवळून बाहेरून पाहा. घड्यांच्या कोपऱ्यांवर तारे चमकल्यासारखी छिद्रे दिसतील. त्यांवर पुस्तक बांधणाऱ्याकडचे पातळ काळे कापड पंक्चर काढण्याच्या सोल्यूशनने चिकटवा. जाड ठिगळ लावू नका, नाहीतर भाता मिटणार नाही. होल्डरच्या तोंडाशी मखमलीची पट्टी झिजलेली असेल तर ती बदला, आणि तोवर उन्हात झाकण ओढताना होल्डरवर काळे कापड धरा.

होल्डर काचेच्या प्लेटसाठी केलेले आहेत, हेही विसरू नका. त्यांत नुसता कागद घातला तर तो मध्ये फुगतो. त्याच्या मागे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची पातळ काच किंवा ताठ पुठ्ठा घाला, म्हणजे स्प्रिंग त्याला पुढच्या कडेवर सपाट दाबून धरील.

दुधी काचेबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगणे आवश्यक वाटते. माझ्या कॅमेऱ्याची काच एकदा फुटली आणि मी ती गावातल्या एका कारागिराकडून नवीन बसवून घेतली. त्यानंतरच्या हिवाळ्यात उन्हात काढलेली चित्रे चांगली येत आणि पहाटेची सगळी मऊ, लोण्यासारखी येत. मी लेन्सला दोष दिला, वाऱ्याला दोष दिला, ट्रायपॉड बदलला. शेवटी फेब्रुवारीत काच पुसताना हाताला कळले की तिची खरखरीत बाजू माझ्याकडे आहे. ती लेन्सकडे असायला हवी. काच दोन मिलिमीटर जाडीची होती, म्हणजे मी फोकस करत होतो त्या जागेपासून फिल्म दोन मिलिमीटर बाजूला होती. उन्हात मी एफ ३२ वापरत असे आणि लहान छिद्र ही चूक झाकत असे. पहाटे प्रकाशासाठी छिद्र एफ ८ पर्यंत उघडले की चूक उघडी पडे. तुमच्या आजोबांच्या हयातीत ती काच बदलली गेली असेल किंवा नसेल, आज संध्याकाळीच तिच्यावरून बोट फिरवून पाहा.

कोऱ्या आकाशाचे कारण कागदात आहे. साधा ब्रोमाईड कागद जवळजवळ केवळ निळा प्रकाश पाहतो. म्हणूनच लाल दिव्यात तो हाताळता येतो. निळे आकाश त्याला पांढऱ्याशुभ्र भिंतीसारखे दिसते, आणि हवेतील धूसरपणाही निळसर असल्याने उत्तरेला गाविलगडच्या डोंगरांची जी फिकट रेघ एखाद्या स्वच्छ सकाळी तुम्हाला डोळ्यांनी दिसते ती कागदावरून पुसली जाते. याला फिल्टरचा उपाय नाही, कारण नारिंगी फिल्टर कागदाला जवळजवळ अंधळे करील. उपाय रचनेचा आहे : क्षितिज वर घ्या, आकाशाला चित्रात दोन बोटांची पट्टी द्या आणि उरलेला सगळा कागद जमिनीला द्या. काळ्या मातीच्या भेगा, पऱ्हाटीचे खुंट, वखराचे तास, ढेकळांवर सरकणारे ऊन हे सारे कागद फार सुंदर टिपतो. मात्र पेटीतला जुना कागद आधी तपासा. त्याची एक पट्टी प्रकाश न दाखवता लाल दिव्यात डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात टाका. ती करडी झाली तर कागद वयाने खराब झाला आहे, आणि ताजा, दोन नंबर ग्रेडचा कागद मागवणे भाग आहे. कागदाचा कॉन्ट्रास्ट मुळातच जास्त असतो, तेव्हा डेव्हलपर नेहमीपेक्षा पातळ करून वापरा.

कागदाची गती, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, सुमारे आयएसओ ६ धरा. टोपीने फोटो काढणाऱ्याला ही मंद गती वरदान आहे. भर उन्हात एफ ४५ ला सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि तेवढा वेळ टोपी काढून, तोंडाने मोजून, परत लावणे हाताला जमते. सूर्योदयानंतरच्या तासात एफ ३२ ला चार ते सहा सेकंदांपासून सुरुवात करा. प्रकाश मोजणारा मीटर त्याहून कमी वेळ सांगेल, पण सकाळचे ऊन पिवळे-तांबूस असते आणि तेवढा प्रकाश कागदाला दिसतच नाही. टोपी काढताना ती आधी किंचित सैल करून लेन्ससमोरच धरून ठेवा, कॅमेऱ्याची थरथर थांबू द्या, आणि मग बाजूला करा.

दोन-तीन डझन कागद झाल्यावर फिल्मकडे वळा. हाफ प्लेट मापाची फिल्म सहसा दुकानात नसते. पाच बाय सात इंचांची घेऊन ती अंधारात पट्टीच्या साच्यात कापावी लागते. स्वस्त पर्याय एक्स-रे फिल्मचा आहे. तिचे आठ बाय दहा इंचांचे माप रूढ आहे, त्यातून हाफ प्लेटचे दोन तुकडे निघतात, आणि ती लाल दिव्यात कापता व धुता येते. तिच्या दोन्ही बाजूंना लेप असल्याने ओरखडे फार चटकन पडतात. ट्रेच्या तळाशी काच ठेवा आणि एका वेळी एकच तुकडा धुवा. रंगांना योग्य करड्या छटा देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म, उदाहरणार्थ इल्फर्डची एफपी४ प्लस, पूर्ण अंधारातच हाताळावी लागते, पण तिच्यावर नारिंगी फिल्टर लावून डोंगरांची ती रेघ परत मिळवता येते. नारिंगी फिल्टरसाठी प्रकाश चौपट द्या. मीटरने दहा सेकंद सांगितले तर या फिल्मला सुमारे अठरा द्यावे लागतात, कारण एका सेकंदापेक्षा लांब वेळेत फिल्म मंदावते.

तुमच्या भागात एक अडचण मात्र खास आहे. खारपाणपट्ट्यातले विहिरीचे व बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, आणि त्यात कालवलेला डेव्हलपर प्रत्येक वेळी वेगळा वागू शकतो. डेव्हलपर आणि हायपो (चित्र पक्के करणारे रसायन) डिस्टिल्ड पाण्यात किंवा गावातल्या आरओच्या पाण्यात बनवा. शेवटचे खळबळणेही त्याच पाण्याने करा, नाहीतर वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे डाग राहतात. दुसरी गोष्ट तापमानाची. डेव्हलपरच्या डब्यावरची वेळ २० अंशांसाठी दिलेली असते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे टाकीचे पाणी रात्री दहालाही हाताला गरम लागते. माठाचे पाणी अशा कोरड्या हवेत चांगलेच गार होते; डेव्हलपरची ट्रे माठाच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवा आणि लागेल तसा पिशवीत बांधलेला बर्फ परातीत सोडा. हायपो आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाचे हवे. थंड डेव्हलपरमधून एकदम गरम पाण्यात गेलेल्या फिल्मचा जिलेटिनचा थर सुरकुततो आणि ते चित्र मग दुरुस्त होत नाही. वापरलेला हायपो नालीत ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते. कॅनमध्ये साठवून एक्स-रे फिल्मची चांदी काढणाऱ्याला द्या. छपाईसाठी एन्लार्जर लागत नाही. निगेटिव्ह कागदावर ठेवून वरून काच दाबली आणि दिवा लावला की पावणेपाच बाय साडेसहा इंचांचे चित्र मिळते, आणि तुमच्या आजोबांच्या पेटीत त्यासाठीची लाकडी फ्रेम बहुधा असेलच. शोधा.

कधी काढावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पऱ्हाटी उपटल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचे महिने तुमचे. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळा चढेल तशा भेगा रुंदावतात. मेअखेर एखाद्या भेगेत अख्खा हात जातो. ट्रायपॉडचा पाय तिच्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा. दुपारी या भेगा नुसत्या काळ्या रेघा दिसतात. सकाळी सातच्या आत, सूर्य बाजूला ठेवून पाहिल्यास प्रत्येक भेगेला एक उजळ आणि एक सावलीची कड येते, आणि तासांच्या रेषा क्षितिजाकडे निमुळत्या होत जातात. त्या वेळी वाराही पडलेला असतो. पहिला पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत भेगा मिटू लागतात, तेव्हा त्या दिवसांतही कॅमेरा बाहेर काढा; ओल्या काळ्या मातीत पाय गुडघ्यापर्यंत रुततो, म्हणून धुऱ्यावरूनच, म्हणजे शेताच्या बांधावरूनच काढावे लागेल.

एकच धुरा निवडा, घरापासून पायी जाता येईल असा. ओळंब्याचा खडा जिथे पडला तिथे एक खुंटी ठोका आणि पुढच्या वेळी ओळंबा बरोबर तिच्यावर आणा. काच तपासून, होल्डरना क्रमांक घालून आणि भात्याची छिद्रे बुजवून झाल्यावर पहिले चार कागद काढा, आणि त्यांचे प्रिंट, मागे होल्डरचा क्रमांक, छिद्र व सेकंद लिहून, मला पाठवा. मग एक्स-रे फिल्मच्या धुण्याच्या वेळा तुमच्या पाण्याप्रमाणे आपण ठरवू.